चोखोबांच्या नावाच्या शाळा

१९२० साली नागपुरात सात महिन्यांच्या अंतराने दोन देशव्यापी परिषदा भरल्या. डिसेंबरातली सगळ्यांना ठाऊक आहे. विजयराघवाचार्यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले, असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले, आणि सरकारी व सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळांतून आपली मुले काढून घ्या, असे आवाहन देशभरच्या आईबापांना करण्यात आले. त्याआधीची परिषद ३० मे ते १ जून अशी तीन दिवस चालली. ती अखिल भारतीय बहिष्कृत परिषद होती आणि तिचे अध्यक्ष होते कोल्हापूरचे शाहू महाराज. तिथे जमलेल्यांचे दुखणे नेमके उलटे होते. ज्या शाळांतून मुले बाहेर काढायची, त्या शाळांत यांच्या मुलांना मुळात कोणी आत घेत नव्हते.

पाठ्यपुस्तकांत यातली एकच परिषद आली. दुसरी आंबेडकरी चळवळीच्या ग्रंथांत राहिली. या दोन्ही सभा शेजारी ठेवून वाचल्याशिवाय आपल्या शिक्षणाचा इतिहास उमगत नाही, असे माझे मत आहे. शाळा कशी असावी, तिथे काय शिकवावे, ती कोणाच्या पैशावर चालावी, यावर या देशात थोर माणसांनी पुष्कळ विचार केला. मात्र तो करताना मूल वर्गात बसलेलेच आहे, असे गृहीत धरलेले असे. नागपूरच्या गिरणी वस्त्यांत राहणाऱ्यांना हे गृहीतक परवडणारे नव्हते.

कागदावर दार उघडे होते. धारवाडचे प्रकरण प्रसिद्ध आहे. जून १८५६ मध्ये तिथल्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. एका मुलाला घेतले तर बाकीची शाळा ओस पडेल, या भीतीने मुंबई सरकारने नकार दिला. पुढे लंडनहून कंपनीच्या संचालकांनी कळवले की सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या आहेत. तत्त्व असे मान्य झाले आणि वर्गाबाहेर ओसरीवर बसणारी अस्पृश्यांची मुले ओसरीवरच राहिली. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. वरच्या वर्गाला शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपते, हा सरकारचा विश्वास त्यांनी खोडून काढला, शेतकऱ्याच्या करातून जमलेला पैसा कोणाच्या मुलांवर खर्च होतो ते विचारले, आणि बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. आयोगाने समतेचे तत्त्व पुन्हा उच्चारले, ते जपून लागू करा असा सल्ला दिला, आणि अस्पृश्यांसाठी वेगळ्या शाळांना उत्तेजन द्यावे असे सुचवले. म्हणजे लोकांच्या विरोधाला हात न लावता त्याच्या कडेने वाट काढायची. सरकारचे हे धोरण पुढची चार दशके चालले.

नागपुरात शिक्षणाची हवा मात्र लवकर आली होती. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी भोसल्यांच्या राज्यातच, १८४६ मध्ये, इथे शाळा काढली. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज, १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज, १९२३ मध्ये विद्यापीठ. राजधानीच्या शहराला वकील, कारकून, मास्तर हवे होते, ते या संस्थांनी पुरवले. ज्या घरांत अक्षर आधीपासून होते त्या घरांना इंग्रजी अक्षर मिळाले. बाकीच्यांसाठी या शहरात दुसरी एक मोठी संस्था उभी राहिली, ती म्हणजे गिरणी.

१ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले त्याच दिवशी, जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. वऱ्हाड-नागपूरच्या कापसाच्या पट्ट्यात महार समाजाकडे जाडेभरडे कापड विणण्याचा जुना धंदा होता. यंत्राच्या कापडाने तो बुडवला आणि तीच माणसे यंत्रावर उभी राहिली. गिरणीतला पगार तुटपुंजा होता, पण तो रोख होता. गावच्या पाटलाच्या मर्जीवर, बलुत्याच्या शिळ्या तुकड्यावर अवलंबून नव्हता. महिन्याकाठी हातात चार नाणी पडणारा माणूस चार आणे वर्गणी देऊ शकतो, वर्तमानपत्र विकत घेऊ शकतो, मुलीला पाटी आणून देऊ शकतो. विदर्भातली अस्पृश्यांची चळवळ बाबासाहेब येण्याआधीच पायावर उभी होती, त्याचे एक मोठे कारण हा रोख पगार आहे. हे कारण आपल्या लिखाणात फार क्वचित येते.

या वस्तीतून किसन फागूजी बनसोडे पुढे आले. जन्म १८७९ चा, नागपूरजवळच्या मोहपा गावचा. १९०३ मध्ये त्यांनी ‘सन्मार्ग बोधक निराश्रित समाज’ ही संस्था काढली आणि १९०७ मध्ये नागपुरात मुलींसाठी चोखामेळा कन्या शाळा सुरू केली. १९०७ हे साल ध्यानात घ्यायला हवे. गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक अजून चार वर्षे दूर होते. ब्रिटिश हिंदुस्थानात मुलग्यांच्या शिक्षणाची सक्तीही कुठे नव्हती. संस्थानांपैकी बडोद्यात सयाजीरावांनी नुकतीच राज्यभर ती आणली होती. अशा वेळी गिरणी कामगारांच्या वस्तीतला एक माणूस अस्पृश्यांच्या मुलींची शाळा काढतो. मुलग्यांची आधी आणि मुलींची पुढे कधीतरी, असा क्रम त्याने लावला नाही. पुण्यात साठ वर्षांपूर्वी फुले दांपत्याने जे केले त्याची ही वैदर्भीय वाट. किसन फागूंच्या पत्नी तुळसाबाईंचाही या कामात हात होता.

किसन फागूंनी शाळेबरोबर छापखानाही उभा केला. ‘निराश्रित हिंद नागरिक’ १९१० मध्ये, ‘विटाळ विध्वंसक’ १९१३ मध्ये, ‘मजूर पत्रिका’ १९१८ पासून, आणि पुढे १९३१ पासून ‘चोखामेळा’. या नावांतूनच त्यांच्या विचारांचा प्रवास दिसतो. नागरिक, विटाळ, मजूर, आणि फिरून पुन्हा संत.

संताचे हे नाव पुढे अर्ध्या विदर्भाने उचलले. मुलींच्या शाळेला चोखामेळा, वसतिगृहाला चोखामेळा, वाचनालयाला चोखामेळा. परंपरा सांगते की चोखोबांचा जन्म वऱ्हाडात, आजच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या मेहुणा राजा इथला. म्हणजे ते आपल्या मुलखाचे. त्यांची समाधी पंढरपुरात विठ्ठलाच्या महाद्वाराबाहेर आहे. जन्मभर ज्याला देवळाच्या आत जाता आले नाही, त्याचे नाव या माणसांनी शाळेच्या दारावर लिहिले. आमच्यातला एक जण सहाशे वर्षांपूर्वी अभंग रचत होता, मग आमच्या मुलांना अक्षर येत नाही असे कोण म्हणतो, हा त्यात दावा होता. पुढच्या पिढीला हा दावा अपुरा वाटला. भक्ताची नम्रता तिला नको होती. किसन फागू हिंदू धर्मात राहूनच सुधारणा करावी या मताचे राहिले आणि धर्मांतराच्या घोषणेनंतर त्यांचे बाबासाहेबांशी उघड मतभेद झाले. म्हणून चळवळीच्या आठवणीत ते मागे पडले. मला हा त्यांच्यावर अन्याय वाटतो. १९०७ ची शाळा त्यांनी काढली, ही गोष्ट १९३६ च्या वादाने खोटी होत नाही.

आता जाईबाई चौधरी.

जाईबाईंचा जन्म १८९२ चा, उमरेडचा. १८९६ च्या दुष्काळाने कुटुंब नागपुरात आले. नवव्या वर्षी लग्न झाले. पोटासाठी त्यांनी हमाली केली. नागपूर आणि कामठी या दरम्यान डोक्यावरून ओझी वाहिली. दोन्ही गावांत पंधरा-सोळा किलोमीटरचे अंतर आहे. या वाटेवरच्या कामात ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंची नजर त्यांच्यावर पडली. त्यांनी या मुलीला लिहा-वाचायला लावले आणि मिशनच्या शाळेत महिना चार रुपयांवर शिक्षिकेची नोकरी दिली.

नोकरी टिकली नाही. महार बाई आपल्या मुलांना शिकवते हे कळल्यावर सवर्ण पालकांनी मुले पाठवायचे थांबवले आणि जाईबाईंना काढण्यात आले. धारवाडला सरकारने जो हिशेब मांडला होता तोच इथे मिशनने मांडला. एका बाजूला एक माणूस, दुसऱ्या बाजूला पटसंख्या. मिशनरी शाळांनी अस्पृश्यांना अक्षर दिले हे खरे आहे आणि त्याचे ऋण मानलेच पाहिजे. पण वरच्या जातीची मुले वर्गात असणे ही त्या शाळांचीही गरज होती, आणि दोन्हींत निवडायची वेळ आली की काय निवडले जाई, ते जाईबाईंच्या नोकरीत दिसले. धारवाडचा मुलगा विद्यार्थी होता, जाईबाई शिक्षिका होत्या. अक्षर आल्याने विटाळ जातो असे ज्यांना वाटत होते त्यांना हे उत्तर होते.

जाईबाई हमालीकडे परत गेल्या नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळा कन्या शाळा काढली. दुसऱ्याच्या शाळेत आपल्याला शिकवू देत नाहीत, तर आपली शाळा आपण काढू. किसन फागूंच्या शाळेनंतर पंधरा वर्षांनी पुन्हा मुलींचीच शाळा आणि पुन्हा चोखोबांचेच नाव, पण या वेळी ती काढणारी बाई होती, आणि ती अशा घरातून आली होती जिथे तिच्याआधी कोणी पाटी धरली नव्हती.

या काळात जगात दुसरीकडेही असेच घडत होते, तिकडे पाहिले की जाईबाईंच्या कामाचे मोल नीट कळते. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, पण १८९६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ ही व्यवस्था वैध ठरवली. तिचा आधार घेऊन दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्या मुलांना वेगळ्या शाळांत ठेवले, आणि त्या शाळांना पैसा देताना समानता विसरली. १९०४ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना इथे मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांनी पाच मुलींना घेऊन शाळा सुरू केली. त्यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले होते आणि शाळा काढताना त्यांच्या हातात दीड डॉलर होता. रताळ्याची पाय विकून त्यांनी शाळेसाठी पैसा जमवला. या दोघी बायकांनी एकमेकींचे नाव कधी ऐकले असेल असे वाटत नाही. पण सरकार जेव्हा एखाद्या समाजाला वेगळी आणि उपाशी शाळा देते, तेव्हा त्या समाजातली माणसे स्वतःचे पैसे घालून शाळा उभी करतात, म्हणजे एकदा कर भरतात आणि वर वर्गणीही देतात. डेटोनात हे झाले आणि नागपुरातही झाले. फरक एवढाच की बेथ्यून यांच्यावर चरित्रे आहेत, पुतळे आहेत, संग्रहालय आहे.

दरम्यान धोरणे बदलत होती. गोखल्यांचे विधेयक १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले होते. इंग्लंडने १८७० पासून आणि जपानने १८७२ पासून जी दिशा धरली होती ती हिंदुस्थानला परवडणार नाही, असा सरकारचा सूर होता, आणि त्याला साथ देणारे बडे देशी सभासदही कमी नव्हते. शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये कोल्हापुरात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा आदेश दिला. हंटर आयोगाच्या सल्ल्याला एका संस्थानिकाने दिलेले हे सरळ उत्तर होते. मे १९२० च्या परिषदेने अध्यक्ष म्हणून या माणसाला बोलावले त्यात एक विधान होते: राज्यकर्त्याच्या मनात असले तर होते.

मध्य प्रांतातही १९२० मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. त्यात सक्ती करायची की नाही हे नगरपालिका आणि जिल्हा मंडळांवर सोडले होते. १९२१ पासून शिक्षण खाते निवडून आलेल्या मंत्र्यांकडे गेले. म्हणजे शाळेचा निर्णय आता स्थानिक पुढाऱ्यांच्या हाती आला, आणि हे पुढारी निवडणारे मतदार कर भरणारे, मालमत्ता असणारे होते. ज्या वस्तीत मतच नाही त्या वस्तीतल्या ओसरीवरच्या मुलांकडे कोण पाहणार? स्वराज्याची पहिली पायरी म्हणून या सुधारणांकडे पाहणाऱ्यांना हा प्रश्न तेव्हा फारसा पडला नाही. असहकाराच्या लाटेत राष्ट्रीय शाळा निघाल्या, त्यांत निष्ठेने शिकवणारी त्यागी माणसे होती. त्यांच्या त्यागाबद्दल मला शंका नाही. पण सरकारी शाळा सोडणे हा त्याग करायला आधी त्या शाळेत जागा असावी लागते.

कामठीत एका तरुणाने वेगळी वाट काढली होती. हरदास लक्ष्मणराव नगराळे, म्हणजे बाबू हरदास एल. एन., जन्म १९०४ चा. नागपूरच्या पटवर्धन हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले. कामठी तेव्हा विडी कामगारांचे गाव. दिवसभर विड्या वळणारे पोर सकाळच्या शाळेत येणार नाही हे त्यांना घरचे माहीत होते, म्हणून त्यांनी रात्रशाळा काढल्या. संत चोखामेळ्यांच्या नावाने वाचनालयही उघडले. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते, ते सगळ्यांना माहीत असते. त्यांच्या रात्रशाळा कमी लोकांना माहीत असतात. १९३७ मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून गेले आणि जानेवारी १९३९ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, वारले.

१९३७ हे साल पुन्हा १९२० सारखे आहे. प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. त्या वर्षी २२ आणि २३ ऑक्टोबरला नागपूरपासून दीड-दोन तासांवरच्या वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी तिथे आपली योजना मांडली: सात वर्षांचे मोफत, सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या उत्पादक हस्तकलेभोवती गुंफलेले, आणि त्या उत्पादनातून शक्यतो शिक्षकाचा पगार निघावा असे. झाकिर हुसेन समितीने तिचा तपशील ठरवला. नागपुरात शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी विद्या मंदिर योजना आणली. गावाने शाळेला जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी अशी ती कल्पना होती. ‘मंदिर’ या नावाला मुसलमानांनी हरकत घेतली आणि वाद पेटला.

गांधीजींच्या या नई तालीममध्ये मोठे सत्त्व आहे. हाताने काम केल्याने बुद्धी घडते हा विचार मला आजही पटतो, आणि घोकंपट्टीच्या शाळेला तो खरा पर्याय होता. तरी गिरणीच्या वस्तीत उभे राहून पाहिले की तो वेगळा दिसतो. ज्या समाजाला शेकडो वर्षे हातानेच काम करायला लावले, त्याने मुलाला शाळेत घातले ते सूत कातण्यासाठी नव्हते. त्याला व्याकरण हवे होते, गणित हवे होते, इंग्रजी हवे होते, कचेरीतली खुर्ची हवी होती. ब्राह्मणाच्या मुलाने चरखा चालवणे ही क्रांती होती, विणकर महाराच्या मुलाने तो चालवणे ही घरचीच गोष्ट होती. अमेरिकेत काळ्या समाजात हाच वाद चाळीस वर्षे आधी झाला होता. बुकर टी. वॉशिंग्टन म्हणत, आधी हातातला धंदा नीट शिका. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस म्हणत, आमच्या मुलांना विद्यापीठातले सगळे ज्ञान हवे, त्याहून कमी काहीही नको. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले त्या न्यूयॉर्कमध्ये हा वाद त्या काळी जिवंत होता. नागपूरच्या वस्त्या मनाने कोणत्या बाजूला होत्या हे त्यांनी पुढच्या दोन पिढ्यांत दाखवून दिले.

वर्ध्याच्या परिषदेनंतर दोन महिन्यांनी, डिसेंबर १९३७ मध्ये, नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. ही संस्था १९२७ मध्ये पुण्यात जन्मली ती स्त्रियांच्या शिक्षणातल्या सुधारणेसाठी. तिने निधी उभारला, दिल्लीत १९३२ मध्ये लेडी आयर्विन कॉलेज उभे केले, बालविवाहाविरुद्ध आवाज उठवला. तिचे काम मोठे आहे. या अधिवेशनाला जाईबाई गेल्या. पंधरा वर्षे मुलींची शाळा चालवलेल्या बाईचा शिक्षणासाठी निघालेल्या परिषदेत मान असायला हवा होता. जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळे बसवण्यात आले.

या प्रसंगाबद्दल मी अनेकदा विचार केला आहे. त्या मांडवात अस्पृश्यतेच्या बाजूने बोलणारी एकही बाई नसेल. ठराव सगळे समतेचे. पण पंगत घरच्या चालीने मांडली गेली, आणि ती तशी मांडली गेली तेव्हा कोणी उठून उभे राहिले नाही. वॉशिंग्टन शहरात ३ मार्च १९१३ रोजी स्त्रियांच्या मताधिकारासाठी मोर्चा निघाला, तेव्हा शिकागोच्या आयडा बी. वेल्स यांना आपल्या राज्याच्या तुकडीबरोबर चालू नका, मागे काळ्या स्त्रियांच्या रांगेत चाला, असे सांगण्यात आले. त्या बाजूला झाल्या, गर्दीत थांबल्या आणि मोर्चा सुरू झाल्यावर आपल्या तुकडीत शिरून चालल्या. नागपूरच्या स्त्रियांनी दुसरी रीत निवडली. १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी निषेधाची सभा घेतली. आपला मांडव आपण घालायचा, हे त्यांचे उत्तर जाईबाईंच्या शाळेसारखेच होते.

हा मांडव त्यांना नवा नव्हता. ऑगस्ट १९३० मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात अखिल भारतीय दलित काँग्रेस भरली तेव्हा स्त्रियांची वेगळी परिषदही झाली होती. पण जुलै १९४२ मधली परिषद या सगळ्यांवर कळस होती. १८ ते २० जुलै हे तीन दिवस मोहन पार्कच्या मैदानात दलितांचा महासागर लोटला. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना इथेच झाली. २० तारखेला दलित वर्ग महिला परिषद झाली, तिला वीस ते पंचवीस हजार स्त्रिया आल्या. भर पावसाळ्यात, मजुरी बुडवून, खेड्यापाड्यांतून. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. बाबासाहेबांनी त्यांच्यापुढे भाषण केले, आणि कोणत्याही समाजाची प्रगती आपण त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे सांगितले.

या परिषदेचे ठराव वाचताना मन थक्क होते. घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाची चाल कायद्याने बंद करा म्हटले, गिरण्यांतल्या स्त्री कामगारांना रजा आणि निवृत्तिवेतन द्या म्हटले. हिंदू कोड बिलाचा वाद पेटायला अजून काही वर्षे होती. शिक्षणाबद्दलचा ठराव तर फार नेमका आहे. शिकायला मिळावे एवढेच म्हणून त्या थांबल्या नाहीत. अस्पृश्य मुलींच्या दुय्यम आणि उच्च शिक्षणासाठी प्रांतिक सरकारांनी स्वतःच्या खर्चाने पन्नास मुलींची सोय असणारी वसतिगृहे उघडावीत, असे त्यांनी लिहिले. आकडा, खर्च करणारा आणि कारण, तिन्ही त्यात आहेत. शाळेची फी माफ झाली तरी मुलगी शहरात राहणार कुठे, कोणत्या घरात तिला भाड्याने खोली मिळणार, रात्री दिवा कोण देणार, हे ज्या बायकांना ठाऊक होते त्यांचा हा ठराव आहे. चौथीनंतर मुलगी का गळते याची चौकशी करायला त्यांना समिती नेमावी लागली नाही.

त्यानंतरची वर्षे झपाट्याने गेली. बाबासाहेब त्याच जुलैत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. १९४४ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, मुंबईला सिद्धार्थ आणि औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उघडले. ही नावे बौद्ध परंपरेतली होती. चोखोबा आता मागे पडले. तरी १९४८ मध्ये ‘दि अनटचेबल्स’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा झाली आणि १९६४ मध्ये त्या भूमीवर डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभे राहिले. एम्प्रेस मिलच्या कामगारांची नातवंडे तिथे पदवीधर झाली. जाईबाईंचे नाव आजही नागपुरातल्या एका शाळेला आहे.

जाईबाई, तुळसाबाई, सुलोचनाबाई यांची नावे आज आपल्याला माहीत आहेत, ती उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या कार्यकर्त्या बायकांशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक लिहिले म्हणून. विद्यापीठांनी करायचे काम दोन बायकांनी केले.

पन्नास मुलींच्या वसतिगृहाचा तो ठराव अजून निकालात निघालेला नाही. आज महाराष्ट्र सरकार अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने स्वाधार योजना चालवते. शासकीय वसतिगृहात ज्यांना प्रवेश मिळाला नाही त्यांच्या खात्यात जेवणाचे आणि राहण्याचे पैसे जमा करण्याची ती योजना आहे. तिचे पैसे उपयोगी पडतात, यात वाद नाही. पण वसतिगृहे पुरत नाहीत याची ती सरकारनेच दिलेली कबुली आहे, आणि खात्यातल्या पैशाने खोली भाड्याने घ्यायला निघालेल्या मुलीला घरमालक आजही आधी आडनाव विचारतो. नागपुरात शिकायला येणाऱ्या खेड्यातल्या मुलीला पैशाइतकीच भिंतींची गरज आहे. वसतिगृहे बांधा, मुलींची आधी बांधा. मोहन पार्कात जमलेल्या स्त्रियांनी हे मागितले तेव्हा प्रांतावर परक्यांचे राज्य होते. आता ती सबब उरलेली नाही.